नऊशे एकसष्ट

"हा गोल कसला?" तांबोळी सरांनी विचारलं.

माझं फिजिक्सचं जर्नल त्यांच्या टेबलावर उघडं होतं आणि त्यांचं बोट एका तपकिरी वर्तुळावर. ते वर्तुळ मी आदल्या दिवशी स्केचपेननं काढलं होतं. आईची बांगडी ठेवून.

"सर, लंबक," मी म्हणालो. "वरनं बघितल्यावर असा दिसतो."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग उठून कपाटातनं गेल्या वर्षीचं एक जर्नल काढलं आणि माझ्या जर्नलशेजारी ठेवलं. तेच पान. त्याच जागी, त्याच आकाराचा, चहाच्या कपाचा डाग.

"हा डाग माझ्या कपाचा आहे," सर म्हणाले. "तू रीडिंगं उतरवलीस, ते ठीक. सगळेच उतरवतात. पण डाग?"

"मार्क जातील म्हणून काहीच सोडलं नाही, सर."

सरांनी दोन्ही जर्नलं मिटली.

"धैर्यशील," शेवटी ते म्हणाले, "शनिवारपर्यंत हा प्रयोग खरा करून आण. त्याशिवाय सही नाही. सही नाही तर बोर्डाच्या प्रॅक्टिकलला बसणं नाही."

"खरा म्हणजे?"

"म्हणजे दोरी बांधायची, गोळा सोडायचा आणि मोजायचं."

असंही करतात हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

आमच्या चिंचणवाडीच्या कॉलेजात लंबकाचा प्रयोग उलटा होत असे. आधी उत्तर लिहायचं. गुरुत्वाकर्षणाचं उत्तर सगळ्या जगाला ठाऊक आहे, नऊशे ऐंशी. मग तिथनं मागं मागं येत हिशेब करायचा, की एवढ्या लांबीच्या लंबकाला वीस झोके घ्यायला किती सेकंद लागायला पाहिजेत. आणि शेवटी प्रत्येक आकड्यात एखाद-दुसरा दशांश इकडचा तिकडं करायचा, म्हणजे माणसानं मोजल्यासारखं दिसतं. या शेवटच्या कामाला आम्ही 'मीठ टाकणं' म्हणायचो. काही पोरांचा हात मिठाला फार चांगला होता.

सामान शोधण्यात सोमवार गेला. लंबकाचा लोखंडी गोळा ऑफिसात कागदांवर बसला होता. आणि लाकडी मीटरपट्टी प्रयोगशाळेच्या दाराआड उभी होती, कारण गेली कित्येक वर्षं ती वरच्या खिडकीची कडी काढायच्या कामावर होती. पट्टी मात्र देखणी. सागवानी, जाडजूड, आकडे रंगानं न लिहिता तापल्या लोखंडानं डागलेले. मागच्या बाजूला कॉलेजचं भलंमोठं लेबल. हातात घेतली की आपोआप ताठ उभं राहावंसं वाटे.

त्याच आठवड्यात आमच्या घरी दुसरंही एक माप चाललं होतं, आणि ते माझ्या सहीपेक्षा फार मोठं होतं.

सारिकाआत्या, म्हणजे वडिलांची सगळ्यात धाकटी बहीण. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी आणि चार बोटं बुटकी. तिला पोलीस व्हायचं होतं. पळण्यात तिला तालुक्यात जोड नव्हती, गोळा ती असा फेकायची की पलीकडच्या शेतातली माणसं आधीच बाजूला व्हायची, आणि लेखीची पुस्तकं तिची पाठ होती. पण मुलींना एकशे पंचावन्न सेंटिमीटर उंची लागते, आणि सुभेदार खोतांच्या फळीवर आत्या भरायची साडेबावन्न. शंभरावरती साडेबावन्न.

सुभेदार खोत फौजेतनं निवृत्त होऊन गावात आले आणि देवळामागच्या माळावर त्यांनी भरतीची अकॅडमी काढली. मैदानाच्या कडेला उंची मोजायची सागवानी फळी रोवलेली होती. त्यांचा नियम साधा: फळीवर जो भरेल त्यानंच फॉर्म भरायचा. नऊ वर्षांत फळीनं पास केलेलं एकही पोर भरतीच्या मैदानावरनं उंचीपायी परत आलं नव्हतं. सुभेदार हे दर पंधरा ऑगस्टला सांगत.

वडिलांचा आत्याशी करार झाला होता. यंदाच्या फॉर्मची शेवटची तारीख शनिवार. तोवर फळीवर भरली तर फॉर्म, नाही भरली तर सोमवारपासनं मेडिकलच्या दुकानात काउंटरला.

म्हणून आत्या लोंबकळायची. दोन वर्षं, रोज पहाटे, मैदानातल्या लोखंडी बारला अर्धा तास. लोंबकळल्यानं मणका मोकळा होतो आणि माणूस वाढतं, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. मग ती फळीला टेकून उभी राहायची आणि मी वाचायचो.

"किती?"

"साडेबावन्न."

"नीट बघ की."

"नीटच बघतोय. केस दाबून बघू?"

"दाबलेलेच हायत, गाढवा."

संध्याकाळी मोजलं तर बावन्नच भरायचे. माणूस दिवसभरात थोडं बसतं म्हणे. वाचताना माझी नजर वरच्या आकड्यावरनं खाली घसरत यायची, ती आत्याच्या टाचेपाशी थांबायची. तिथं फळीवर एक बोटभर मासा डागलेला होता. तो मासा मला चांगला पाठ झाला होता, कारण आकडा सांगून झाल्यावर तिच्या तोंडाकडं बघण्यापेक्षा माशाकडं बघणं बरं वाटायचं.

एकदा घरी मी वडिलांच्या टेपनं तिला भिंतीशी मोजलं होतं आणि म्हणालो होतो, "आत्या, साडेपंचावन्न!"

तिनं टपली मारली होती. "लाड नकोत. मनासारखं आलं म्हणजे माप झालं व्हय?"

मलाही वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं असणार.

मंगळवारी पहाटे मी गोळा, दोरी आणि मीटरपट्टी घेऊन मैदानावर गेलो. सरांनी सामान घरी न्यायची परवानगी दिली होती, बहुतेक मी समोरनं जावं म्हणून. एका बारला आत्या लोंबकळली, शेजारच्या बारला मी गोळा टांगला. लांबून बघणाऱ्याला आम्ही एकाच कोर्सचे वाटलो असू.

पहिलं उत्तर आलं एक हजार चौसष्ट.

"किती यायला पाहिजे?" आत्यानं वरनं विचारलं.

"नऊशे ऐंशी."

"मोजतोस कसा ते दाखव."

मी गोळा सोडला आणि म्हणालो, "एक..."

"थांब थांब. सोडलास तेव्हाच एक कसा? अजून गेलाय कुठं तो? जाऊन परत आला की एक. मी मैदानाची फेरी सुरू करताना एक म्हणती का?"

ती बरोबर होती. मी वीस म्हणत होतो तेव्हा गोळ्यानं एकोणीसच झोके घेतले होते. शून्यापासनं मोजायला लागलो आणि उत्तर आलं नऊशे एकसष्ट.

परत केलं. नऊशे साठ. परत. नऊशे बासष्ट. दोरीची लांबी बारवरच्या गाठीपासनं गोळ्याच्या पोटापर्यंत धरली. नऊशे एकसष्ट. झोका लहान घेतला, नऊशे एकसष्ट. मोबाइलऐवजी सुभेदारांचं फौजी स्टॉपवॉच मागितलं, नऊशे एकसष्ट. गोळा बदलून लिंबू लावलं, मग कांदा, मग गणपतीच्या देवळातली छोटी घंटा, पुजाऱ्यांना विचारून. घंटेनं वाजत वाजत नऊशे एकसष्टच दिलं.

मला पट्टीचा संशय आला. पट्टीची कड झिजली असेल. मग माझ्या डोक्यात हुशारी आली: शेजारीच सुभेदारांची फळी होती. मी मीटरपट्टी फळीला टेकवून उभी केली. रेघेला रेघ जुळली. दहाला दहा, पन्नासला पन्नास, शंभराला शंभर. केसाचाही फरक नाही.

"पट्टी बरोबर हाय," मी जाहीर केलं. "दोन साक्षीदार मिळाले."

"म्हणजे मीच बुटकी," आत्या म्हणाली आणि परत लोंबकळली.

बुधवारी सरांना वही दाखवली. त्यांनी सगळी पानं उलटली. कांद्याच्या पानावर थोडं थांबले.

"किती वेळा केलंस?"

"एकेचाळीस, सर."

"आणि दर वेळी हेच?"

"दोन-तीन इकडंतिकडं. मीठ नाही, सर. खरंच तेवढंच हलतं."

सर म्हणाले, "हे बघ. चुका वेगवेगळ्या आल्या तर मोजणारा वाईट. एकच चूक परत परत आली तर वस्तू वाईट. वस्तू शोध."

"सगळ्या वस्तू बदलल्या, सर. पट्टीसुद्धा पडताळली. आता एकच वस्तू राहिली."

"कोणती?"

"पृथ्वी."

हे मी मनापासनं म्हणालो होतो. पण वर्गातल्या पोरांनी ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की चिंचणवाडीत गुरुत्वाकर्षण दोन टक्के कमी आहे, कॉलेजात सिद्ध झालंय. अकॅडमीतली लांब उडीची पोरं चिडली, कारण तरीही त्यांच्या उड्या तेवढ्याच पडत होत्या. किराणा दुकानातल्या काकूंनी मला रस्त्यात थांबवून सांगितलं की त्यांच्या काट्याचा याच्याशी काही संबंध नाही. मी विचारलंही नव्हतं.

आत्या तेवढी हसली नाही. जेवताना म्हणाली, "धैऱ्या, गुरुत्वाकर्षण कमी असतं तर मी वाढले असते की रे."

वडिलांनी भात मागितला.

गुरुवारी मी प्रयोगशाळेत बसून आकृती काढत होतो. लंबकाचा खांब सरळ यावा म्हणून दप्तरातली प्लॅस्टिकची पट्टी घेतली आणि ती चुकून मीटरपट्टीच्या शेजारी पडली. शून्याला शून्य लागलं होतं. माझ्या प्लॅस्टिकच्या पट्टीचे तीस सेंटिमीटर लाकडी पट्टीच्या तीसपर्यंत पोचत नव्हते. एकोणतीस आणि चार मिलिमीटरवरच थकले होते.

मी पहिल्यांदा प्लॅस्टिकवर चिडलो. दहा रुपयांची पट्टी, तिच्याकडनं काय अपेक्षा करणार? एका बाजूला पारदर्शक प्लॅस्टिक, ज्यावर कार्टूनमधलं अस्वल, आणि दुसऱ्या बाजूला सागवान. कुणीही सागवानावरच विश्वास ठेवील.

पण सवय लागली होती एव्हाना. एकदा मोजून गप्प बसवेना. मी वर्गात फिरून सगळ्यांची दप्तरं उघडायला लावली. अकरा पट्ट्या मिळाल्या. कुणाची जत्रेतली, कुणाची मामानं सांगलीहून आणलेली, कुणाची स्टीलची, एकीचा अर्धा तुकडा. अकराही जणी ओळीनं लावल्या. दहा जणी एकोणतीस पॉइंट चारवर येऊन थांबल्या. अर्ध्या तुकड्यानंसुद्धा त्याच्या हिश्शाचं तेवढंच कमी दाखवलं.

सर मागं येऊन उभे राहिले होते.

"सर," मी म्हणालो, "अकरा कंपन्यांनी मिळून आपल्या कॉलेजविरुद्ध कट केला असेल का?"

सरांनी वाकून एकेक पट्टी स्वतः लावून बघितली. मग खडू घेतला आणि फळ्यावर माझं लांबीचं रीडिंग एक पॉइंट शून्य दोननं गुणलं. पुढची आकडेमोड केली. शेवटी आलं नऊशे ऐंशी.

त्या आकड्याखाली त्यांनी रेघ मारली नाही. खडू हातात घेऊन नुसते उभे राहिले.

"ही पट्टी नऊ वर्षं इथं आहे," ते म्हणाले. "वर्षाला साठ पोरं. आणि हिनं प्रामाणिकपणे मोजलं तर नऊशे एकसष्टच येतं. नऊ वर्षांत एकाला तरी यायला पाहिजे होतं."

"सगळ्यांचं बरोबर आलं, सर."

"तेच म्हणतोय."

पट्टी मी उलटी केली, दुसऱ्या बाजूनं मोजायला. मागचं कॉलेजचं लेबल एका कोपऱ्यात सुटलं होतं. नखानं थोडं ओढलं. लेबल सुकं होतं, सबंध निघून आलं. खाली लाकडावर बोटभर मासा डागलेला होता.

मी त्या माशाकडं बघत राहिलो. पट्टी फळीशी रेघेला रेघ जुळली होती. मी म्हणालो होतो, दोन साक्षीदार. ते एकाच आईचे निघाले.

"सर, मी जाऊ?"

"कुठं?"

"आत्याला उंच करायला," मी म्हणालो आणि पट्टी घेऊन पळालो.

मासा ही दत्तू सुताराची खूण. गावातल्या निम्म्या दारांवर ती आहे. आत्या मेडिकलच्या दुकानात काम समजून घ्यायला गेली होती, तिथनंच तिला उचलली आणि आम्ही दत्तूआबांच्या खोपटात गेलो. आबा रंधा मारत होते. मी त्यांना अस्वलाची पट्टी दाखवली, सगळं सांगितलं.

आबांनी रंधा खाली ठेवला. "माजं माप चुकलं?"

"थोडंसं, आबा."

"पोरा, या गावात माज्या हातची सव्वाशे दारं हायत. चौकटी माज्या, दारं माजी. येका तरी दाराला फट हाय का सांग."

"नाही, आबा."

"मग?"

"चौकट पण त्याच फितीनं मोजली आणि दार पण," आत्या म्हणाली. ती हळूच बोलली. "सगळंच सारखं मोठं झालं तर फट कशी पडंल, आबा?"

आबांनी कानामागची पेन्सिल काढली आणि परत तिथंच खोचली.

"फीत कुठं हाय?" मी विचारलं.

आबांनी मान वर केली. भिंतीतल्या खिळ्याला एक मळकी कापडी फीत टांगली होती, शिंप्याकडं असते तसली. तिच्या खालच्या टोकाला पितळी ओळंबा बांधलेला. चांगला अर्ध्या किलोचा.

"ओळंबा कशाला, आबा?"

"फीत गुंडाळी व्हती नुसती ठिवली की. म्हणून वजन. कशी सरळ ऱ्हाती बघ." आबांनी कौतुकानं फितीवरनं हात फिरवला. "ईस-पंचवीस वर्सं झाली. कवा वाकडी झाली न्हाई."

मी अस्वलाची पट्टी फितीला लावली. एकोणतीस पॉइंट चार.

पंचवीस वर्षं पृथ्वी त्या ओळंब्याला रात्रंदिवस खाली ओढत होती आणि फीत मुकाट्यानं लांब होत होती. नऊ वर्षांपूर्वी एकाच आठवड्यात आबांनी तिच्यावरनं आधी कॉलेजची मीटरपट्टी केली, कारण जुनी कुणीतरी लग्नाच्या पंगतीत भात हलवायला वापरून मोडली होती, आणि उरलेल्या सागवानात सुभेदारांची फळी.

आत्या खाली भुशातच बसली. मला वाटलं, आनंद झालाय.

"दोन वर्षं," ती म्हणाली. "दोन वर्षं मी वटवाघळासारखी लोंबकळले, धैऱ्या."

"वटवाघूळ उलटं असतं."

"गप बस."

मी हिशेब करत होतो. साडेबावन्नला एक पॉइंट शून्य दोन. पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा आलं, एकशे पंचावन्न पॉइंट पाच. संध्याकाळच्या बावन्नचे, एकशे पंचावन्न पूर्ण आणि वर केसभर.

"सकाळी गेलीस तर पाच मिलिमीटर जास्त," मी म्हणालो. "संध्याकाळी गेलीस तर देवाच्या हातात."

शुक्रवारी सुभेदार सांगलीला गेले होते. उरला शनिवार.

शनिवारी सकाळी सहाला आम्ही तिघं मैदानावर होतो: मी, आत्या आणि फीत गळ्यात घातलेले दत्तूआबा. सुभेदार खोत शिट्टी गळ्यात अडकवून उभे होते.

"सुभेदार, ही फळी चुकीची हाय," आत्या म्हणाली.

सुभेदारांनी फळीकडं बघितलं, मग तिच्याकडं. "नऊ वर्षांत या फळीचा एक पोरगा परत आला नाही, सारिका."

"परत येणार नाहीतच. तुम्ही जे पाठवता ते गरजेपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर उंचच असतात. जे पाठवत नाही त्यांचं काय?"

मी अस्वलाची पट्टी पुढं केली. सुभेदारांनी ती दोन बोटांत धरली. "हे खेळणं हाय."

"माजी फीतच ताणली हाय, साहेब," दत्तूआबा म्हणाले. "माजीच चूक. ह्या पोरांनी दाखवली."

"आबा, तुम्ही भोळे माणूस. पोरं काय पण पटवतील." सुभेदार आत्याकडं वळले. आवाज मऊ झाला होता, ते जास्त वाईट होतं. "पोरी, कळतंय मला. पण मनासारखं आलं म्हणून..."

"सुभेदार," आत्यानं मधेच विचारलं, "फौजेत तुमची उंची किती लिहिली होती?"

"एकशे पंच्याहत्तर. पेन्शनच्या कागदावर हाय."

"फळीला उभं ऱ्हावा."

"कशाला?"

"ऱ्हावा की."

मैदानातली चाळीस पोरं धावायची थांबली. सुभेदारांना आजवर कुणी 'उभं ऱ्हावा' म्हटलं नव्हतं. पण फौजी माणूस, हुकूम ऐकला की पाय आपोआप जुळतात. त्यांनी बूट काढले, टोपी काढली आणि फळीला पाठ लावून सावधानमध्ये उभे राहिले.

मी वाचलं. "एकशे एकाहत्तर पॉइंट सहा."

मला वाटलं ते दचकतील. ते दचकले नाहीत.

"ठाऊक हाय," ते समोर बघत म्हणाले.

"ठाऊक हाय?"

"वय झालं की माणूस खचतं. मी कुणाला बोललो नाही."

"कधीपासनं खचला?" आत्यानं विचारलं.

"फळी बसवली त्या दिवशी मोजलं होतं. तेव्हाच कळलं."

"तेव्हा वय किती तुमचं?"

"एक्केचाळीस."

मी शक्य तितक्या हळू आवाजात एकशे एकाहत्तर पॉइंट सहाला एक पॉइंट शून्य दोननं गुणलं आणि उत्तर सांगितलं. एकशे पंच्याहत्तर, आणि वर थोडं.

सुभेदार फळीपासनं बाजूला झाले. त्यांनी बूट घातले, नाडी बांधायला खाली वाकले आणि नाडी बांधून झाल्यावरही बराच वेळ वाकलेलेच राहिले. उठले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. पण उभे राहिले ते मला आधीपेक्षा उंच वाटले. हे माझं निरीक्षण मोजमापात धरू नये.

"सारिका, फॉर्म भर," ते म्हणाले. आणि मग माझ्याकडं वळून, "तू, गुणाकारवाला, ऑफिसात ये."

ऑफिसात एक जाड रजिस्टर होतं. नऊ वर्षांत फळीखाली गेलेल्या सगळ्यांची नावं, उंची आणि फोननंबर, लाल शाईनं. एकशे सत्तावीस. त्या सकाळी मी एकशे सत्तावीस वेळा एक पॉइंट शून्य दोननं गुणलं. प्रत्येक गुणाकारानंतर सुभेदार विचारायचे, "बसतो?" मी हो किंवा नाही म्हणायचो. पन्नासाव्या हो-नाहीनंतर मला त्यांच्याकडं बघवेना, आणि तिथं मासाही नव्हता.

बेचाळीस जण बसत होते. त्यातल्या एकोणीस जणांचं वय अजून भरतीत बसत होतं. सुभेदारांनी एकोणीस फोन लावले. कुणी पुण्यात पार्सलं पोचवत होता, कुणी दोन लेकरांची आई झाली होती, एक जण ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर होता आणि त्याला ऐकूच येत नव्हतं. सगळ्यांना सुभेदारांनी एकच सांगितलं, "खोत बोलतोय. चूक माझी होती, तू उंच हायस. फॉर्मची आज शेवटची तारीख."

पलीकडनं काय बोलणं यायचं ते ऐकू यायचं नाही. एकदा मात्र सुभेदार फोन कानाला लावून तीन-चार मिनिटं नुसते "व्हय," "व्हय," "बरोबर हाय तुझं," म्हणत राहिले. त्या नावापुढं त्यांनी काहीच लिहिलं नाही. पुढचा नंबर लावला.

फॉर्म भरायच्या केंद्रावर आत्या दुपारी बाराला रांगेत उभी राहिली आणि पाच वाजता बाहेर आली, कारण मधे तीनदा वीज गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पावती होती. वडिलांनी ती दोन्ही बाजूंनी वाचली. मागची बाजू कोरी होती.

"मेडिकलवाल्याला काय सांगू?" त्यांनी विचारलं.

"सांग, तिची उंची वाढली," आत्या म्हणाली.

तांबोळी सरांनी माझ्या जर्नलवर सही केली. नऊशे एकसष्ट तसंच ठेवायला लावलं आणि खाली कारण लिहायला लावलं. बोर्डाचे परीक्षक आले तेव्हा त्यांनी सगळी जर्नलं चाळली आणि विचारलं, "पट्टीच चुकीची होती, तर बाकीच्या एकोणसाठ जणांना नऊशे ऐंशी कसं आलं?"

"मीठ," सर म्हणाले.

परीक्षकांनी हळूच मान हलवली. ही मंडळीही कधीतरी बारावीला होती हे मला तेव्हा कळलं.

चार महिन्यांनी भरतीचं मैदान झालं. मी गेटबाहेर डबा घेऊन उभा होतो. आत्याचा नंबर सकाळचा होता, पण रांग अशी होती की दुपारचे दोन वाजले. मी मनात मिलिमीटर मोजत होतो. दर तासाला एखादा जात असेल असं धरलं तर ती गेटापाशी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात साफ संपली होती.

ती बाहेर आली. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"बसली?"

"हं."

"किती?"

"एकशे पंचावन्न पॉइंट चार."

मी तिथंच फुटपाथवर बसलो. मग म्हणालो, "पाच यायला पाहिजे होते."

"दुपार झाली की." ती शेजारी बसली. "म्हणून मी त्यांना म्हटलं, परत मोजा."

"काय?"

"ते म्हणाले, ताई, पास झालाय तुम्ही, चला पुढं. मी म्हटलं, एकदा मोजलेलं मी धरत नाही, परत मोजा."

"आत्या! आणि कमी आले असते म्हणजे?"

"मग कमी आले असते," ती म्हणाली. "पण खरे आले असते."

गेली आठ वर्षं ती पोलिसात आहे, भल्याभल्यांना रस्त्यात थांबवते, पण तिचा दरारा मला त्या क्षणाइतका पुन्हा कधी वाटला नाही.

"मग? मोजलं परत?"

"मागची रांग ओरडायला लागली, पण मोजलं. दोनदा मोजलं."

तिनं डबा माझ्या हातातनं घेतला आणि आपला डावा तळहात माझ्यापुढं उघडा धरला. घामानं थोडे पसरलेले, निळ्या पेननं लिहिलेले तीन आकडे होते. १५५.४. १५५.५. १५५.४.

"घे," आत्या म्हणाली. "सरासरी काढ."